दोन बोटांची जाळी

२ फेब्रुवारी

दोनशे मीटर मिळाले. मागितले होते दोन किलोमीटर. पण मिळाले ते दोनशे नेमके खादाडाचे मिळाले, याचा आनंद मानायचा की धसका घ्यायचा हे ठरत नाही.

खादाड म्हणजे आमच्या रस्त्याचा दलदलीतून जाणारा तुकडा. नाव लोकांनी ठेवलंय, पण आता ऑफिसच्या नकाशावरही कुणीतरी पेन्सिलने तेच लिहिलंय. दरवर्षी त्याच्यावर खडी टाकायची आणि दरवर्षी त्याने ती गिळायची. खालची माती इतकी मऊ आहे, की खडी खाली जाते आणि चिखल वर येतो. माझं म्हणणं एवढंच, की दोघांच्या मधे काथ्याची जाळी अंथरा. खडे जाळीच्या भोकांत अडकून बसतील, एकमेकांना धरून राहतील, वजन पसरेल. चिखलातलं पाणी भोकांतून निघून जाईल आणि माती दिवसेंदिवस घट्ट होत जाईल.

साहेबांनी माझा सोळा पानांचा प्रस्ताव हातात तोलून पाहिला. "वजनदार आहे. हाच अंथरला तर?" असं म्हणून सही केली. "बुडलं तर तुझं, तरलं तर खात्याचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मग मनातलं सांगून टाकलं, की या भागात काथ्याचे माग फक्त एकाच शेडमध्ये आहेत आणि तिथे माझी आई विणते. शेड माझ्या आत्याची आहे.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे आईचा माल लेक पास करणार."

"मी दुप्पट कडक राहीन, सर."

"दुप्पट नको," ते म्हणाले. "एकपट पुरे."

एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाने असं म्हणावं याचं आश्चर्य वाटलं.

३ फेब्रुवारी

घरी सांगितलं. बाबा आधी स्लॅबच्या सेंट्रिंगची कामं करायचे, त्यामुळे त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला. "काथ्या म्हणजे सडणार की गं?"

"सडणार. तीन-चार वर्षांत."

"आणि मग?"

"तोपर्यंत खालची माती आवळून घट्ट झालेली असते. मग तिला जाळी लागत नाही."

"म्हणजे टेकू. स्लॅब धरला की काढायचा." बाबा खूश झाले. "तुमचा टेकू आपला आपणच निघून जातो, एवढाच फरक. मजुरी वाचली."

आईने विचारलं, "सगळं आपल्या शेडचंच घेणार?"

"हो."

"आणि वरून खडी?"

"खडी, मग डांबर."

"म्हणजे कुणाला दिसणार नाही."

"अजिबात नाही," मी म्हटलं. मला वाटलं तिला काळजी असेल, की काही चुकलं तर लोक नावं ठेवतील.

काथ्याच्या पायपुसण्यांना आता गिऱ्हाईक राहिलेलं नाही. शेडमधले अर्धे माग कापड टाकून झाकून ठेवलेत आणि आत्या मार्चनंतर कुलूप लावायचं म्हणतेय. खादाड तरला, तर साहेब पुढच्या रस्त्यांनाही काथ्याची जाळी घेतील. नाही तरला, तर ते प्लास्टिकचं कापड मागवतील आणि शेड बंद. बारा बायकांचं काम माझ्या दोनशे मीटरवर टांगलेलं आहे. 

८ फेब्रुवारी

शेडमध्ये गेले. नमुन्याची जाळी खिळ्याला टांगली आणि सगळ्यांना समोर बसवून बोलले. माती म्हणजे काय, पाणी कुठे जातं, आपण आजवर लोकांच्या पायांखाली विणत होतो आणि आता एका अख्ख्या रस्त्याखाली विणणार आहोत, वगैरे. शेवटी म्हटलं, "हा रस्ता तुमच्या हातांवर उभा राहणार आहे. एकही धागा कच्चा जाता कामा नये."

एकदोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. काथ्याची धूळही असू शकेल.

आत्याने नमुना नाकाजवळ नेऊन पाहिला. "हे विणलंय, की उंदरांनी कुरतडलंय?"

"आत्या, भोकं हवीत. दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मी आताच सांगितलं ना."

"सांगितलंस गं. एवढं सांगितलंस की त्यातलं कुठलं ऐकायचं हेच कळेना."

सगळ्या हसल्या. सर्वांत मोठ्याने हसली ती कोपऱ्यातल्या मागावरची बाई. तिला सगळ्या ढिली म्हणतात, कारण तिचं विणकाम कायम सैल येतं आणि तिच्या निम्म्या पायपुसण्या व्यापाऱ्याकडून परत येतात. आई तिला कितीतरी वर्षं टोकत आलीये. आई शेडमधली सर्वांत घट्ट विणणारी. तिच्या पायपुसणीत सुई टोचायची म्हटली तरी वाकते.

आईने नमुना हातात घेतला. नमुन्याची कड अंगठ्याने चाचपून एवढंच म्हणाली, "याला काठ नाही."

१५ फेब्रुवारी

आई आठवडाभर उशिरा येतेय. बाबा आणि मीच स्वयंपाक करतो. बाबांच्या मते मी भाजी चिरते तीसुद्धा मोजपट्टी लावून.

आज जेवताना आईने विचारलं, "अंथरताना खूप माणसं असतात का?"

"असतील आठ-दहा."

"बायका?"

"मी."

मग थोड्या वेळाने, "तिथे बस थांबते का?"

"वळणावर थांबते. पण मला ऑफिसची जीप असते, तू काळजी करू नकोस."

आईला माझी फार काळजी. मी तिला सांगितलं, की साइटवर सगळे मला मानाने वागवतात. त्यावर ती "असं होय" म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

२४ फेब्रुवारी

रोल आले.

ठेकेदाराचा मुकादम सगळ्याला 'हरकत नाही' म्हणतो, म्हणून आम्ही त्याला हरकतनाही असंच म्हणतो. त्याने पहिला रोल उलगडला आणि पहिल्यांदाच 'हरकत नाही' म्हटलं नाही. म्हणाला, "मॅडम, हे चिखलात टाकायचंय की बैठकीत अंथरायचंय?"

जाळी नव्हतीच ती. घट्ट विणलेली चटई होती. दोन बोटं सोडा, करंगळीही शिरेना. दोन्ही कडांना रंगवलेल्या काथ्याचा हिरवा काठ होता, एका रेषेत, कुठे एक टाका पुढेमागे नाही. एकेक रोल उलगडत गेले. सगळे तसेच. फक्त एकच जरा सैल होता, बहुधा ढिलीचा, पण त्याच्याही भोकांत नंतर कुणीतरी धागे ओवून ती बुजवलेली होती.

इतकं सुंदर काम मी शेडमध्ये कधी पाहिलेलं नाही. आणि ते सगळं चुकलेलं होतं.

२५ फेब्रुवारी

साहेब आले. काम होईपर्यंतचा वळणरस्ता ज्याच्या शेतातून काढलाय तो मार्चअखेरच्या आत शेत नांगरणार नाही, पण त्यानंतर एक दिवस थांबणार नाही. मार्च संपायच्या आत खादाड झाला पाहिजे. साहेब म्हणाले, "अंथरून टाक. खडी आणि चिखल वेगळे तर राहतील."

हे अर्धं खरं आहे. म्हणूनच मी रात्रभर याच विचारात होते. पण उरलेल्या अर्ध्याचं काय? मी छोट्या तुकड्यावर करून बघू म्हटलं. चटई अंथरली, खडी टाकली, रोलर चालवला. रोलरच्या पुढे खडी सरकायला लागली, ताटातले वाटाणे सरकावेत तशी. धरायला तिला भोकंच नव्हती.

"दडपून टाकलं तर कुणाला दिसणार नाही," साहेब म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, चटईच्या काठाकडे बघत होते.

"मला दिसेल, सर."

"बरं. मग परत पाठव. परतीच्या मालावर खूण करतात, नाहीतर तोच माल फिरून येतो. नियम माहीत आहे ना?"

माहीत आहे. लाल ऑइलपेंट आणला आणि प्रत्येक रोलवर माझ्या हाताने लिहिलं : नापास. रंग लावायला हरकतनाहीचे मजूर होते, पण मी कुणाला लावू दिला नाही. जबाबदारीचं काम आपण दुसऱ्यावर ढकलू नये.

२६ फेब्रुवारी

आई घरी आली, हातपाय धुतले, रोजच्यासारखी भाजी निवडायला बसली. मी तिला सगळं समजावून सांगितलं. खडी कशी सरकते ते ताटात वाटाणे घेऊन दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

मोठं ओझं उतरलं. किती समजूतदार आहे ती! उगाच घाबरत होते.

भाजी निवडून झाल्यावर तिने ती पुन्हा सगळी निवडली. थकली असेल.

१ मार्च

आत्या घरी येऊन भांडून गेली.

"लाल रंगच मिळाला का गं तुला?"

"आत्या, नियमच लाल रंगाचा आहे."

"नियम! तुला शाळेत लाल शेरा मिळाला, की ही बाई दोन दिवस शेडमध्ये कुणाशी बोलायची नाही. आणि आज सगळ्यांसमोर टेम्पोतून तिचेच रोल उतरले, तिच्याच पोरीचं अक्षर घेऊन. ओळखू येतं आम्हाला तुझं अक्षर. 'प' वेलांटी दिल्यासारखा काढतेस."

"पण मी दोन बोटं सांगितली होती!"

आत्या खाली बसली. मग शांतपणे म्हणाली, "तू त्याच शेडमध्ये सुंभाच्या गुंडाळ्यांवर झोपून मोठी झालीस. व्यापारी माल कसा बघायचा ते तुला आठवत नाही? असं बोट घालून बघायचा. बोट शिरलं की माल परत. आमचा जन्म गेला ते बोट शिरू नये म्हणून. आणि तू येऊन म्हणतेस, दोन शिरू देत. आमच्या कानांनी ऐकलं गं, पण हात कुठे ऐकतात? त्यात तू म्हणालीस, एकही धागा कच्चा नको. हातांना तेवढंच पटलं."

"काठ कुणी सांगितला होता?"

"कुणी नाही. तुझ्या आईने स्वतःजवळचा काथ्या घालून केला. म्हणाली, पोरीचा रस्ता आहे, उघड्या कडेचा कसा द्यायचा."

बाबा म्हणाले, "ताई, चहा घे." आत्या म्हणाली, "ओत त्या खादाडावर." पण घेतला.

जाताना दारात थांबून म्हणाली, "आम्हाला भोकं विणता येत नाहीत. तुझ्या साहेबाला सांग, प्लास्टिक मागव."

४ मार्च

बादलीभर चिखल, टोपलीभर खडी, नमुना, आणि परत आलेल्या चटईचा एक तुकडा घेऊन शेडमध्ये गेले. भाषण करायचं नाही असं ठरवलं होतं. एका पसरट टोपात चिखल ओतला. त्यावर चटई, त्यावर खडी, आणि ढिलीला म्हटलं, वरून ही फळी दाबून ओढ. खडी घरंगळली. मग नमुना ठेवला. खडे भोकांत बसले, फळी ओढली तरी हलेनात. वर हाताने दाब दिला तर भोकांतून पाणी आलं आणि चिखल खालीच राहिला.

बायका वाकून बघत होत्या. आत्या म्हणाली, "म्हणजे भोकं हे काम आहे. धागा नुसता भोकं धरायला."

मी जे सोळा पानांत लिहिलं ते हिने एका दमात सांगितलं असं म्हणणार होते, पण लगेच तीच म्हणाली, "मग मला एवढा वेळ कसली गोष्ट सांगत होतीस?" म्हणून नाही म्हटलं.

आईने खडीचा एक खडा उचलून जाळीत बसवला, काढला, पुन्हा बसवला. म्हणाली, "हे तू मला आधी का दाखवलं नाहीस?"

"दाखवलं काय, सगळं सांगितलं होतं. आठ तारखेला, इथेच."

"ते सगळ्यांना," आई म्हणाली.

तिला नेमकं काय म्हणायचं होतं? ती तर पहिल्याच रांगेत बसली होती.

६ मार्च

माग सुरू झाले, पण जाळी होत नाही. सुरुवातीला वीतभर बरोबर येते, मग हात आपोआप धागे ठोकून बसवायला लागतात आणि भोकं मिटत जातात. दिवसभरात एकाच मागावर जाळी झाली. ढिलीच्या.

आत्याने कपाळाला हात लावला. "देवा, हिचे दिवस आले!"

ढिली इतकी लाजली की तिला धड बसवेना. आई उठून तिच्या शेजारी पाटावर जाऊन बसली. ढिली म्हणाली, "वहिनी, नका हो मला लाजवू. तुम्ही काय शिकायचं माझ्याकडून?"

"हात चालव तू. मी बघते."

"मी काही करत नाही हो. माझं लक्षच नसतं. विणताना मी भलताच विचार करत असते."

"कसला?"

"कसलाही. काल शेजारणीशी भांडण झालं त्याचा. मी तिला काय म्हणायला हवं होतं त्याचा."

इतक्या हसल्या सगळ्या, की माग थांबले. आईसुद्धा हसली, पण तिचे कान लाल झाले होते. शेडमध्ये फार उकडतं.

मग भांडणांच्या गोष्टी सुरू झाल्या. खरोखरच हात सैल पडायला लागले. दोन माग जमले, मग चार. आईचा जमेना. तिला सांगण्यासारखं भांडणच नव्हतं. कुणाशी भांडलीच नाही म्हणे. अखेर तिने मला बोलावलं. "ये, बस इथे. तुझा तो प्रस्ताव आहे ना, तो मला पहिल्यापासून सांग. मी विणते, तू सांग."

मी जमिनीवर बसले आणि पान एकपासून सुरू केलं. माती म्हणजे काय. आई मधे मधे "बरं", "मग?" म्हणत होती. मी तिच्याकडे बघून सांगत होते, ती मागाकडे बघत नव्हती. पान सातवर आले तेव्हा आत्याने येऊन जाळीत बोटं घातली.

"दोन. बरोबर दोन."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचं बोलणं ऐकून कुणाचेही हात ढिले पडतील."

१२ मार्च

रोज ऑफिस सुटलं की शेडमध्ये जाते आणि आईच्या मागाशेजारी बसते. प्रस्ताव दोनदा वाचून झाला. आता कॉलेजात काय काय झालं ते सांगते, प्रयोगशाळा कशी होती, पहिल्या वर्षी मी कुणाशी बोलतच नव्हते, वसतिगृहातल्या खिडकीतून काय दिसायचं. विषयाला सोडून आहे, पण जाळीला चालतं. आईला कंटाळा येत असणार, पण ती दाखवत नाही.

परतीच्या चटया कापून आत्याने विकल्या. 'नापास' लिहिलेला एक तुकडा बाबांनी घरी आणून दारात टाकला. म्हणतात, "शिकलेल्यांनी पाय पुसून आत यावं." आम्ही दोघं खूप हसलो. आई मात्र त्यावर पाय देत नाही, बाजूने वळसा घालून आत येते. तिला तिथे पायपुसणी असण्याची सवय नसेल.

१८ मार्च

सगळे रोल पास. प्रत्येक रोलवर दहा ठिकाणी बोटं घालून बघितली. आईच्या एका रोलच्या टोकाला वीतभर जागा घट्ट निघाली. मी काही बोलायच्या आतच तिने कातरी घेतली आणि तेवढं कापून टाकलं. कापताना म्हणाली, "त्या दिवशी तू आली नव्हतीस."

खरंच, त्या दिवशी मीटिंग होती.

एक अडचण उरली आहे. रोल एकमेकांवर हातभर चढवून सुंभाने शिवायचे असतात. हरकतनाहीच्या मजुरांना दिलं तर ते पोत्याचं तोंड शिवतात तसं शिवतील. मी आईला म्हटलं, शिवायला तूच आलीस तर बरं होईल, आणखी चौघी-पाच जणी आण. दिवसभराचं काम आहे, चिखल आहे, जमेल ना?

आई म्हणाली, "बघते." आणि लगेच उठून कपाट उघडून काहीतरी शोधायला लागली.

२२ मार्च

अंथरलं!

सकाळी टेम्पोतून बायका आल्या. आई ठेवणीतले कपडे घालून आली होती. मी चिडले, म्हटलं, अगं, चिखलात काम आहे, हे कशाला? आत्या म्हणाली, "राहू दे गं," आणि मला बाजूला ओढलं. 

गवत कापून दलदल सपाट करून ठेवली होती. रोल उलगडत गेले. बायका दोन्ही बाजूंनी बसून शिवत गेल्या, मजूर कडेला लाकडी खुंट्या ठोकत गेले. ढिलीचे आणि हरकतनाहीचे चांगलेच खटके उडाले. तो म्हणाला, टाका लांब घाला, लवकर होईल. ती म्हणाली, "अहो, उभा जन्म मी ढिलं विणलं. शिवण तरी नीट घालू द्या!" तो म्हणाला, हरकत नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा शेवटची शिवण झाली. खडीचा पहिला टिपर उभा होता. साहेबही आले होते. मी हात वर करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब जरा. मी चालून येऊ का यावरून?"

कामाच्या नियमात असं काही नाही. पण माणूस चालल्याने जाळीला काही होत नाही, हेही खरं. मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस, तुझी साइट आहे."

मी जा म्हटलं.

आईने चपला काढल्या. मी ओरडले, "चप्पल घाल, खुंट्या आहेत!" तिने ऐकलं नाही. चालायला लागली. काल तिथे पाय टाकला तर मांडीपर्यंत जात होता. आज जाळी तिच्या पायाखाली नुसती हलकी दबत होती आणि उचलून परत वर येत होती. ती सावकाश चालली, घाई नाही, मधे एकदा थांबून वाकून काहीतरी बघितलं, पुन्हा चालली. टिपरच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला. साहेबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने इंजिनच बंद केलं. सगळं एकदम शांत झालं. आम्ही सगळे रांगेत उभे राहून तिच्याकडे बघत होतो.

ती टोकाला पोचली, वळली आणि तशीच परत आली. पाय कोरडे होते.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. टाका आता."

टिपर मागे घेतला, खडी ओतली. खडी पुढे ढकलत न्यायची आणि तिच्यावरूनच गाडी पुढे सरकवायची असते, चाक थेट जाळीवर पडू द्यायचं नाही. भरलेला टिपर पहिल्या थरावर गेला. चाकं बोटभर दबली आणि थांबली. हरकतनाही चाकाशेजारी पालथा पडून बघत होता. तिथूनच ओरडला, "मॅडम, खात नाही!"

मी बायकांकडे धावले. सगळ्या नाचत होत्या. आई बाजूला बसून चपला घालत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खडीची धूळ फार उडते, मी तिला रुमाल दिला.

२ एप्रिल

वळणरस्ता नांगरून टाकला. आता खादाडावरूनच जायचं. डांबराचा पहिला थर झालाय. साहेबांनी आज बोलावून पुढच्या दोन रस्त्यांच्या दलदलीच्या जागा नकाशावर दाखवल्या आणि विचारलं, शेडला केवढी जाळी जमेल. मी म्हटलं, विचारून सांगते. ते म्हणाले, "या वेळी माल दुसऱ्या इंजिनियरला तपासू दे. तू फक्त शेडमध्ये बसून बोलत जा, ते जास्त गरजेचं आहे असं ऐकलं." हरकतनाहीच्या पोटात काही राहत नाही.

आत्याने झाकलेल्या मागांवरची कापडं काढली. झटकताना अख्खी शेड खोकत होती.

आणि मला अजून शंका आहेच. दोनशे मीटर आठवडाभर तरले म्हणजे काही सिद्ध झालं नाही. पावसाळे जायला हवेत. आत जाळी सडत जाईल आणि माती घट्ट होत जाईल, दोन्ही एकमेकांना न सांगता. आधी कुठलं होईल, हे मला हिशेबाने माहीत आहे, पण हिशेब माझा आहे. रस्ता किती खचला ते मोजायला दर महिन्याला लेव्हल घेणार.

९ एप्रिल

आज आईबरोबर बसने गेले. तिला नव्या काथ्याचा भाव बघायचा होता, मला सुट्टी होती. बस पूर्ण भरलेली, उन्हाची वेळ, खिडक्या उघड्या. आईला खिडकीची जागा मिळाली.

खादाड जवळ आला तसं मला राहवेना. मी तिला कोपराने ढोसलं, आला, आला. तिने मान हलवली. ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला. दोन-तीन उतारूंनी सवयीने समोरचा दांडा घट्ट धरला. बस त्यावर चढली, पुढे गेली आणि उतरली. काहीसुद्धा झालं नाही. दांडा धरलेल्यांनी हात सोडले. एकजण जांभई देत म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, हळू कशाला? रस्ता बरा आहे की."

बरा आहे की! मला इतकं भरून आलं, की मी उठून उभीच राहिले. सगळ्यांना सांगायला हवं होतं, की खाली काय आहे, ते कुणी विणलं, विणायला काय काय लागलं, आणि ज्या बाईने विणलं ती याच बसमध्ये बसली आहे. पहिलं वाक्यही तयार होतं. तोंड उघडलं.

आईने माझा हात धरून मला खाली ओढलं.

"बस गं," ती हळू आवाजात म्हणाली. "लोकांना झोप लागलीये."